काढलेल्या पिशवीचे कागद

मराठवाड्यात गर्भाशयाला कोणी गर्भाशय म्हणत नाही. तो शब्द दवाखान्याच्या फॉर्मवर असतो. बोलण्यात असते ती ‘पिशवी’. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी खराब झाली आणि शेवटी पिशवी काढली. शब्द साधा आहे, रोजच्या वापरातला आहे, आणि म्हणूनच थोडा घातक आहे. पिशवी म्हटले की ती भरायची, रिकामी करायची आणि काम संपले की खुंटीला टांगायची वस्तू वाटते. दोन-तीन मुले झाली, आता तिचे काय काम, असे सासू म्हणते, नवरा म्हणतो, आणि कधी कधी टेबलापलीकडचे डॉक्टरही म्हणतात. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते, अंगातून वाफा येऊ लागतात, हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. हे ‘पिशवी’ या शब्दात कुठेच येत नाही.

या शब्दाचा राज्यभर गाजावाजा झाला तो २०१९ साली, बीडमुळे. बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याची माहिती त्या वर्षीच्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिली. पुढे विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय आधीच्या दहा वर्षांत काढले गेल्याचे आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. या तेरा हजारांतल्या सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. गर्भाशयाच्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे, कर्करोग ही कारणे खरी असतात आणि उसाच्या फडात वर्षानुवर्षे मोळ्या वाहणाऱ्या बाईला ती जास्तच असू शकतात. पण दर सहांत एक हा आकडा निव्वळ आजाराने समजावून सांगता येत नाही.

त्यामागचे अर्थकारण आता बहुतेकांना माहीत झाले आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची ती ‘कोयत्या’ची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची. एकाने खाडा केला तर दंड जोडीला. पाळीच्या दुखण्यात फडावर संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही. मग उचलीतल्याच पैशातून ‘एकदाचे काढून टाकू’ हा सल्ला सोयीचा वाटतो. तो देणाऱ्यालाही त्यात पैसे असतात. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य या भागातल्या बायकांनी पाहणी करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

बीडवर पुष्कळ लिहिले गेले. बहुतेक ठिकाणी लेखन थांबते ते शोषणाच्या वर्णनाशी. काढली गेली, वाईट झाले, समिती नेमली. ज्या बाईची काढली तिने पुढे काय करायचे, कुठे जायचे, तिला कायद्याने काय मिळते, कोणत्या दारावर ती अडते, हा भाग कोरडा म्हणून सुटतो. या लेखाचा विषय तोच भाग आहे. त्यासाठी बीड सोडून थोडे पूर्वेला येऊ.

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की वारंगा फाट्यानंतर आखाडा बाळापूर लागते. कळमनुरी तालुक्यातले बाजाराचे गाव. हळदीचा पट्टा. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पोलीस ठाणे आहे, खासगी दवाखाने आहेत. मोठ्या आजाराला माणसे नांदेड गाठतात, आणि ऊसतोडीला गेलेली माणसे जिथे फड असेल तिथल्या दवाखान्यात जातात. तालुक्याचे न्यायालय कळमनुरीला, ग्राहक आयोग आणि जिल्हा शल्यचिकित्सक हिंगोलीला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, वैद्यक परिषद मुंबईला. शस्त्रक्रियेने नुकसान झालेल्या बाळापूरच्या एखाद्या बाईपुढचा न्यायाचा रस्ता हा असा एसटीच्या थांब्यांसारखा आहे. कुठल्या थांब्यावर काय मिळते हे ठाऊक नसेल तर भाडे वाया जाते.

आधी एक फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. वाईट झालेली शस्त्रक्रिया वेगळी आणि नको असलेली शस्त्रक्रिया वेगळी. पहिलीत पोटात कापड राहते, मूत्रवाहिनी कापली जाते, जंतुसंसर्ग होतो. दुसरीत टाके सुबक असतात, जखम भरलेली असते, बाई चौथ्या दिवशी घरी येते आणि तरीही तिचे नुकसान झालेले असते, कारण जे काढले ते काढायला नको होते. न्यायालयांना पहिला प्रकार सवयीचा आहे. दुसरा सिद्ध करणे कठीण, पण त्यासाठीही कायद्यात जागा आहे. ती जागा म्हणजे संमती.

संमतीबाबतचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात दिला. दिल्लीतील ४४ वर्षांची अविवाहित स्त्री, तक्रार लांबलेल्या पाळीची. तिने दुर्बिणीने तपासणीला आणि त्या अनुषंगाच्या उपचाराला संमती दिली होती. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशये, नलिका सारे काढून टाकले. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे, जीव जाण्याची घाई नव्हती, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची सही चालणार नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि एका उपचाराची संमती म्हणजे दुसऱ्याची नव्हे. रोग काय, उपाय काय, त्यातले धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, काहीच न केल्यास काय होईल, हे सांगितल्यावर दिलेली संमती तीच खरी. डॉक्टरांना त्यांची फी नाकारली गेली आणि २५ हजार रुपये भरपाई देण्यास सांगितले गेले. रक्कम किरकोळ वाटते. पण हे तत्त्व गाव-तालुक्याच्या दवाखान्यात किती मोठे आहे पाहा. तिथे फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो, अंगठा बाईचा आणि सही नवऱ्याची. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला पती-पत्नी दोघांची संमती हवी असे म्हटले आहे. त्याचा अर्थ नवऱ्याची सही बाईच्या संमतीची जागा घेते असा लावला जातो. तो चुकीचा आहे. दोघांची म्हणजे दोघांची, आणि तिचीही समजून दिलेली.

डॉक्टरने किती काळजी घ्यायची याचे मोजमाप मात्र आपल्याकडे मराठी मातीतल्या एका खटल्याने दिले. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाची मांडी मोडली. तिथून त्याला टॅक्सीने पुण्याला आणले. पुण्याच्या रुग्णालयात हाड बसवताना पुरेशी भूल न देता जोर लावला गेला आणि त्याच रात्री तो गेला. त्याच्या वडिलांनी, जे स्वतः डॉक्टर होते, दावा लावला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळून तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने तो निकाल आजही उद्धृत होतो. त्यात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली आहेत. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. यातले मधले कर्तव्य अनावश्यक शस्त्रक्रियेला थेट लागू पडते. सुरी किती सफाईने चालली हा तिसरा प्रश्न. ती चालवायची होती का, हा दुसरा.

डॉक्टरांची बाजूही न्यायालयांनी जपली आहे, आणि ती जपायलाच हवी. उपचार अयशस्वी झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असे नाही. दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली म्हणून कोणी दोषी ठरत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने हे पक्के केले. पोलिसांत लगेच गुन्हा नोंदवून डॉक्टरला अटक करता येणार नाही, आधी त्याच विषयातल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, स्वतंत्र डॉक्टरचे मत घ्यावे, आणि फौजदारीसाठी निष्काळजीपणा ढळढळीत असावा, असे त्यात ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्येही निष्काळजीपणे मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय कृती करताना तसे झाल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे.

म्हणून पोलीस ठाणे हे पहिले दार समजू नये. रुग्ण दगावला असेल तर तिथे जाणे भागच आहे, कारण शवविच्छेदन झाले नाही तर पुढे कुठल्याही न्यायालयात मृत्यूचे कारण सांगता येत नाही. दुःखाच्या भरात ‘आता चिरफाड नको’ म्हणून देह घरी नेला जातो आणि पुरावा त्याच्यासोबत जातो. दुसरी गोष्ट दगडफेकीची. वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेल्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली आहे. काच फोडणारा भाऊ आरोपी होतो आणि मूळ तक्रार मागे पडते.

खरे पहिले दार म्हणजे कागद. सगळी लढाई तिथे जिंकली किंवा हरली जाते, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावीत, आणि ती तीन वर्षे जपून ठेवावीत, असे २००२ चे नियम सांगतात. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवावी. ‘डिस्चार्ज कार्ड दिले की झाले’ हे खरे नाही. शस्त्रक्रियेची टिपणे, भुलीची नोंद, संमतीपत्र, नर्सच्या नोंदी, बिले, आधीच्या सोनोग्राफीचे अहवाल, सगळे मागावे. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकारातही अर्ज करता येतो.

गर्भाशयाच्या बाबतीत एक कागद सगळ्यांहून मोलाचा. काढलेला अवयव पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत पाठवून त्याचा अहवाल घ्यायचा असतो. गाव-तालुक्यात काय होते? बरणीत घालून नातेवाइकांना दाखवतात, ‘बघा किती खराब झाली होती’ म्हणतात, आणि नातेवाईक मान डोलावतात. रक्तामांसाचा कोणताही गोळा अनोळखी डोळ्याला खराबच दिसतो. अहवाल मात्र सांगतो की गाठ होती की नव्हती, पेशींत बदल होता की नव्हता. तो अगदी निरोगी आला म्हणजे शस्त्रक्रिया अनावश्यकच होती असे सिद्ध होत नाही, कारण काही रक्तस्रावांमागे ऊतीत काही दिसत नाही. पण आधी गोळ्या दिल्या का, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन सुचवले का, पिशवीच्या आतला तुकडा तपासला का, या प्रश्नांची उत्तरे मग डॉक्टरला द्यावी लागतात. आणि अवयव तपासायलाच पाठवला नसेल तर तेही बोलके असते.

कागद हाती आले की हिंगोलीचा जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टरची सेवा ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी व्ही. पी. शांता खटल्यात ठरवले. गंमत म्हणजे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. डॉक्टर आत, वकील बाहेर. त्या वेळी शांता निकालाचाही फेरविचार व्हावा असे खंडपीठाने सुचवले होते, पण पुढे त्याच वर्षी तीन न्यायाधीशांनी त्याची गरज नाही असे म्हटले. तेव्हा डॉक्टर अजून आतच आहेत.

२०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने बाळापूरच्या बाईला दोन मोठ्या गोष्टी दिल्या आणि त्या फारशा कोणी सांगत नाही. पहिली, तक्रार तक्रारदार जिथे राहतो तिथे करता येते. पूर्वी डॉक्टर जिथे तिथे जावे लागे. म्हणजे शस्त्रक्रिया पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याशेजारी झाली असली तरी तक्रार हिंगोलीत चालते आणि तिथल्या डॉक्टरला इथे यावे लागते. ऊसतोड करणाऱ्यांसाठी यापेक्षा उपयोगी कलम दुसरे नाही. दुसरी गोष्ट, कोणत्या आयोगाकडे जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या पैशावर ठरते. पन्नास लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्कच नाही. चाळीस हजार देऊन पिशवी काढलेली बाई वीस लाखांची भरपाई मागू शकते, एक रुपयाही शुल्क न भरता, आणि तेही वकिलाशिवाय. म्हणून बिल आणि पावती महत्त्वाची. ‘पावती घेतली तर जास्त पडतील’ म्हणून बिनपावतीचे पैसे देणारे पुढे ग्राहक असल्याचेच सिद्ध करताना अडखळतात.

नोटीस मिळाल्यावर डॉक्टरला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायद्यात तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावावा असे लिहिले आहे. त्यावर विसंबून कोणी राहू नये. वर्षे जातात.

मात्र तक्रारदाराला स्वतःला एक मुदत आहे आणि तिच्यावर अनेक चांगल्या तक्रारी फुटतात. कारण घडल्यापासून दोन वर्षे. पण कारण घडले कधी? पोटात कापड राहिले आणि ते नऊ वर्षांनी सापडले तर? असेच एक प्रकरण गोव्याच्या परिचारिकेचे. नोव्हेंबर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटातून गॉज निघाला. २००४ मध्ये तक्रार केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. नुकसान दिसत नसेल तर ते कळल्या दिवसापासून मुदत धरावी हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. पण म्हटले की इतकी वर्षे पोट दुखत असताना, स्वतः परिचारिका असताना, तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे परत जाऊन विचारायला हवे होते. मला हा निकाल कठोर वाटतो. दुखणे अंगावर काढणे हा आपल्या बायकांचा दोष म्हणावा की संस्कार? पण निकाल आहे तो आहे, आणि त्यातून घ्यायचे ते एवढेच की शस्त्रक्रियेनंतर त्रास सुरू झाला की त्याच दवाखान्यात परत जावे, तो त्रास केसपेपरवर लिहून घ्यावा आणि दुसरीकडेही दाखवून कागद करावा. ऊस संपून गावी आल्यावर बघू, पुढच्या वर्षी बघू, असे म्हणताना दोन वर्षे निघून जातात. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण तो त्याच्या मर्जीचा भाग.

आता प्रश्न सरकारी रुग्णालयाचा. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येत नाही, हे शांता निकालातच आहे. काहींकडून पैसे घेतले जात असतील तर तिथला मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. विमा कंपनी पैसे भरत असेल तरीही. केस पेपरचे नाममात्र पैसे धरत नाहीत. म्हणजे बाळापूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय महाविद्यालयात पूर्ण मोफत शस्त्रक्रिया झाली असेल तर ग्राहक आयोगाचे दार बहुधा बंद. मग उरते दिवाणी न्यायालय.

त्या दाराचा इतिहास मराठवाड्यातच लिहिला गेला आहे. १० जुलै १९६३ रोजी औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक बाई बाळंत झाली. १३ तारखेला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली. ताप चढला, पोट दुखू लागले. घरच्यांनी ओळखीच्या डॉक्टरकरवी चौकशी केली. १९ तारखेला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत शस्त्रक्रियेचा टॉवेल निघाला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते काढून घेतले. रुग्णालय चालवणे हे सरकारचे सार्वभौम कार्य आहे, त्यात नोकराच्या चुकीला सरकार जबाबदार नाही, असा युक्तिवाद त्यामागे होता. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. रुग्णालय चालवणे हे कल्याणकारी काम आहे, सैन्य किंवा न्यायदानासारखे केवळ राज्यालाच करता येणारे नाही, म्हणून राज्य जबाबदार. आणि पोटात टॉवेल राहिला यातच निष्काळजीपणा सिद्ध आहे, तो कुणाच्या हातून राहिला हे घरच्यांनी शोधून द्यायची गरज नाही. हाच खोडवा खटला. वकिलांच्या तोंडी हे नाव सहज येते, पण त्यामागे ३३ वर्षे आहेत. तान्हे मूल तोवर तेहतीस वर्षांचे झाले असणार.

तेहतीस वर्षे ऐकून कोणीही दिवाणी न्यायालयाचा नाद सोडेल. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, दाव्याच्या रकमेवर न्यायालय शुल्क असते. इथे कामी येते ते विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यातील कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, मुले, अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. कोणतीही स्त्री, मग ती शेतमजूर असो वा शिक्षिका, मोफत वकिलाला पात्र आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाखांची. ‘मोफत’मध्ये वकिलाची फी, न्यायालय शुल्क, कागदपत्रांचा खर्च येतो. आणि या कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात न्यायाधिकरणे व अर्धन्यायिक प्राधिकरणेही धरली आहेत, म्हणून ग्राहक आयोगापुढेही ही मदत मागता येते. अर्ज कळमनुरीच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर देता येतो. १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे.

इतके सोपे असून लोक तिथे का जात नाहीत? फुकटचा वकील मन लावून काम करत नाही ही एक समजूत. ती सर्वस्वी खोटी नाही. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे असते आणि वैद्यकीय दाव्यात गर्भाशयाचे शरीरशास्त्र शिकायला लागते. पण खरा अडसर वकील हा नाहीच. खरा अडसर दुसरा डॉक्टर आहे. ‘ही शस्त्रक्रिया करायला नको होती’ असे लिहून देणारा तज्ज्ञ जिल्ह्यात सापडत नाही. एकाच संघटनेतले, एकाच लग्नकार्यात भेटणारे डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत. तोंडी सगळे बोलतात, ‘मी असतो तर नसती काढली’, पण लेटरहेड मागितले की संवाद संपतो. २०१० मध्ये हैदराबादच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, चूक उघड असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो. पोटातल्या टॉवेलसाठी हे पुरते. अनावश्यक शस्त्रक्रियेसाठी पुरत नाही. तिथे मत लागतेच. आयोगाला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडून मत मागवण्याची विनंती करता येते. ती तक्रारीसोबतच लेखी करावी, आणि शक्य तर जिल्ह्याबाहेरच्या महाविद्यालयाचे नाव सुचवावे. २००४ च्या सविता गर्ग निकालाचाही आधार घ्यावा. रुग्णाने प्राथमिक गोष्ट दाखवली की काळजी घेतली हे सांगण्याचा भार रुग्णालयावर येतो, आणि उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचे नाव तक्रारीत नसले तरी तक्रार पडत नाही, असे त्यात म्हटले आहे.

मुंबईतल्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही तक्रार करता येते. ती पैसे देत नाही. डॉक्टरची नोंदणी काही काळ स्थगित करू शकते किंवा नाव पटावरून काढू शकते. ज्यांना भरपाईपेक्षा ‘दुसरीवर ही वेळ येऊ नये’ हे जास्त वाटते त्यांच्यासाठी ते दार आहे. नर्सिंग होमच्या परवान्यासंबंधीची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावणे बंधनकारक केले. तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात ती सनद कुठे लावली आहे, एकदा पाहा. लावली असेल तर बहुधा औषधांच्या जाहिरातीमागे.

भरपाई किती मिळते? कोलकात्याच्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास सहा कोटी आणि त्यावर व्याज दिले. ते प्रकरण परदेशात कमावणाऱ्या डॉक्टर पतीचे होते आणि ते त्याने स्वतः पंधरा वर्षे लढवले. भरपाई मोजण्याच्या पद्धतीत माणसाची कमाई येते. जिची कमाई अर्ध्या कोयत्याची, तिच्या शरीराचे मोल त्यानुसार लागते. इथे तक्रार लिहिताना एक काळजी घ्यावी. घरकाम, शेतातले काम, उचलीतला तिचा अर्धा वाटा, कायमचे कमी झालेले श्रमबळ, पुढची औषधे, हे सारे आकड्यांत लिहावे. मुकादमाच्या वहीतली नोंद मिळाली तर तीही कमाईचा पुरावा. ‘त्रास झाला म्हणून भरपाई द्यावी’ एवढ्या वाक्यावर आयोग गोळाबेरीज रक्कम देऊन मोकळा होतो.

अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न एकेका बाईच्या तक्रारीपुरता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी मान्य केले. बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमध्ये विमा योजनेच्या पैशासाठी गर्भाशये काढली गेली, अशी याचिका डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये केली होती. केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश झाला. देखरेख समित्या नेमायच्या, आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने काढलेल्या गर्भाशयाची माहिती कळवायची. बीडमध्ये तर २०१९ पासूनच खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. पण कोयता बीडमध्ये थांबत नाही. एका जिल्ह्यात परवानगी लागते म्हटल्यावर बाई शेजारच्या जिल्ह्यात नेली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक जिल्ह्याची नोंदवही महत्त्वाची. हिंगोलीच्या नोंदवहीत गेल्या वर्षी किती गर्भाशये नोंदली गेली, त्यांतल्या किती बायका चाळिशीच्या आतल्या होत्या, किती जणींचा पॅथॉलॉजी अहवाल जोडलेला होता, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देऊन कोणालाही विचारता येते. अर्जाचे शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.